फ्रेंच फोर्टिफाइड वाइनला जेवणाच्या शेवटी ढकलू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वाइन आणि खाद्यपदार्थ यांच्या जोडीविषयी मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये आता बऱ्यापैकी लिहून येते आणि वाचक म्हणून मला त्याचा आनंद आहे. मात्र या लेखनात फ्रान्सच्या फोर्टिफाइड, म्हणजे वरून स्पिरिट घातलेल्या, वाइनच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: ‘ही गोड वाइन असून ती डेझर्टबरोबर घ्यावी.’ फोर्टिफाइड म्हटले की पोर्तुगालची पोर्ट आणि स्पेनची शेरी यांवर परिच्छेदच्या परिच्छेद खर्ची पडतात. बान्युल्स, मोरी, रिव्हझाल्त, बोम-द-व्हनीझ ही फ्रेंच वाइनची नावे यादीच्या शेपटाला लागतात. त्या एका ओळीने या वाइनवर अन्याय तर होतोच, शिवाय ती वाचून कोणी खरोखरच साखरेच्या जाड थराच्या केकबरोबर अशी वाइन घेतली, तर वाइन आंबट लागते, केक नुसताच गोड लागतो आणि दोष वाइनच्या माथी येतो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. माझे म्हणणे असे, की या वाइनची जोडी जमवताना ती गोड आहे एवढेच पाहून भागत नाही. ती कशी मुरवली आहे हे आधी पाहावे लागते. तसे पाहिले, की जेवणाच्या आरंभापासून अखेरपर्यंत तिला जागा सापडते.

आधी ती बनते कशी ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. द्राक्षाचा रस आंबू लागला, की त्यातल्या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करण्याचे काम यीस्ट करते. साखर संपेपर्यंत ही क्रिया चालू दिली, तर कोरडी वाइन हाती येते. ‘व्हँ दू नात्युरेल’ या फ्रेंच वर्गातल्या वाइनमध्ये ही क्रिया वाटेतच थांबवली जाते. आंबणाऱ्या रसात द्राक्षापासूनच काढलेले, सुमारे 96 टक्के तीव्रतेचे आणि स्वतःची चव नसलेले स्पिरिट ओततात. त्यात यीस्ट तग धरू शकत नाही आणि द्राक्षाची उरलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते. या कृतीला फ्रेंचमध्ये ‘म्युताज’ म्हणतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस माँपेलिये येथे वैद्यक शिकवणारे कातालान वैद्य आर्नाऊ द विलानोव्हा यांना तिचे श्रेय परंपरेने दिले जाते आणि 1299 मध्ये मायोर्काच्या राजाने त्यांना त्यासाठी सनद दिल्याचे सांगतात. त्या काळी रुसियाँ प्रांत मायोर्काच्या राज्यात होता आणि राजाची मुख्य भूमीवरील राजधानी पेर्पिन्याँ येथे होती. आजही फ्रान्समधील या वर्गातील वाइनचा बहुतांश भाग भूमध्य समुद्र आणि पिरेनीज पर्वत यांच्या कुशीतल्या त्याच रुसियाँमधून येतो.

नियम काटेकोर आहेत. द्राक्षे इतकी पिकलेली हवीत, की त्यांच्या रसात लिटरमागे किमान 252 ग्रॅम नैसर्गिक साखर असली पाहिजे. स्पिरिटचे प्रमाण रसाच्या आकारमानाच्या 5 ते 10 टक्क्यांमध्ये राहिले पाहिजे. तयार वाइनमध्ये मद्यार्क किमान 15 टक्के असतो आणि सहसा तो 18 च्या वर जात नाही. पोर्टमध्ये ओततात ते स्पिरिट 77 टक्क्यांच्या आसपासचे असते, पण तयार वाइनचा सुमारे पाचवा हिस्सा त्याचाच असतो आणि बहुतेक पोर्ट 19 ते 22 टक्क्यांपर्यंत पोहोचते. जेवताना हा फरक चांगलाच जाणवतो. पोर्टचा घोट पदार्थावर चाल करून येतो. चांगली बान्युल्स त्याच जागी अधिक मऊ वाटते, तिच्यात स्पिरिटच्या उष्णतेपेक्षा फळ पुढे असते आणि म्हणून मांसाच्या किंवा माशाच्या पदार्थाशेजारीही ती नांदू शकते. फ्रेंच वाइनला ‘फ्रान्सची पोर्ट’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बान्युल्स ज्या भूमीत होते ती भूमी पाहिली, की या वाइनच्या चवीचा उलगडा होतो. बान्युल्स-सुर-मेर, कोलिऊर, पोर-व्हाँद्र आणि सेर्बेर या स्पेनच्या सीमेलगतच्या चार गावांपुरतेच तिचे क्षेत्र मर्यादित आहे. पिरेनीजचे डोंगर तिथे थेट समुद्रात उतरतात. उतारांवर शिस्ट नावाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा काळपट खडक आहे, माती नावापुरतीच, आणि वेलीची मुळे खडकाच्या भेगांमधून ओलावा शोधत खोल जातात. त्याच खडकाचे तुकडे चुन्याशिवाय एकावर एक रचून शतकानुशतके बांध घातले गेले आहेत; पावसाचा लोंढा माती घेऊन जाऊ नये म्हणून बांधांमधून कोंबड्याच्या पायाच्या आकाराचे दगडी पाट काढलेले आहेत आणि कातालान भाषेत त्यांचे नावही त्यावरूनच पडले आहे. वरून त्रामोंतान हा कोरडा उत्तरेचा वारा झोडपत असतो. इथे यंत्र चालत नाही. बहुतेक सारी तोडणी हातांनीच होते. उत्पादनाची कमाल मर्यादा हेक्टरी 30 हेक्टोलिटर आहे आणि जुन्या वेली तेवढेही देत नाहीत. मुख्य द्राक्ष ग्रनाश. पिकल्यावर भरपूर साखर धरणारे हे द्राक्ष हवेशी संपर्क आल्यास लवकर जुनावते, आणि कोरड्या वाइनमध्ये जो त्याचा दुबळेपणा मानला जातो तोच इथे उपयोगी पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकाच मळ्यातल्या, एकाच ग्रनाशच्या, एकाच पद्धतीने थांबवलेल्या वाइनचे पुढे दोन अगदी वेगळे संसार होतात. पहिल्या मार्गात वाइनला हवेपासून जपतात. आंबणारा रस सालींसह असतानाच त्यात स्पिरिट घालतात, काही काळ सालींवरच ठेवून रंग आणि तुरटपणा काढून घेतात आणि मग वाइन भरलेल्या, बंद टाकीत ठेवून लवकर बाटलीत भरतात. बान्युल्समध्ये हिला ‘रिमाज’ म्हणतात. रिव्हझाल्तमध्ये तशीच वाइन ‘ग्रना’ या नावाने येते. तिचा रंग गडद जांभळट लाल, वास काळ्या चेरीचा, ब्लॅकबेरीचा, थोडा मिऱ्याचा आणि तुरटपणा स्पष्ट असतो. दुसऱ्या मार्गात वाइनला मुद्दाम हवा लागू देतात. लाकडी पिंपे पूर्ण भरत नाहीत, उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार तिला सोसू देतात आणि काही ठिकाणी तर तिला चक्क उघड्यावर ठेवतात. मोरी येथील मास आमिएल या मळ्यात 60-70 लिटरचे फुगीर काचेचे बुधले रांगेने अंगणात मांडलेले असतात. वर्षभर ऊन, थंडी, दिवसरात्र खाऊन त्यांतल्या वाइनचा लालपणा विटकरी होतो आणि मग ती मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरायला जाते. अशा वाइनमध्ये ताज्या फळाचा मागमूस राहत नाही. त्याजागी सुके अंजीर, आलुबुखारा, भाजलेली कॉफी, कोको, अक्रोड, संत्र्याची साल येते. फार जुन्या वाइनमध्ये अक्रोडाच्या तेलाची आठवण करून देणारी जी खमंग, किंचित कडसर छटा येते तिला ‘रान्सिओ’ म्हणतात आणि रुसियाँमधले जाणकार तिच्यावर जीव टाकतात.

रिव्हझाल्तच्या बाटलीवर हा भेद रंगाच्या नावाने छापलेला असतो, ही खरेदीदाराची मोठी सोय आहे. ‘आंब्रे’ म्हणजे पांढऱ्या वा करड्या द्राक्षांची, हवेत मुरून अंबराच्या रंगाला आलेली. ‘तुइले’ म्हणजे काळ्या द्राक्षांची, मुरून कौलांच्या रंगाला आलेली. ‘ग्रना’ वर सांगितलीच. ‘होर दाज’ असे लिहिले असेल, तर ती किमान पाच वर्षे मुरलेली असते. ‘बान्युल्स ग्राँ क्र्यू’ या 1962 पासूनच्या वेगळ्या नामांकनात (म्हणजे ठरावीक प्रदेशाशी आणि नियमांशी कायद्याने जोडलेल्या नावात) किमान 75 टक्के काळे ग्रनाश आणि लाकडात किमान 30 महिने ही अट आहे. बाटली उलटीसुलटी करून हे शब्द वाचायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात जोडीचा निम्मा प्रश्न सुटतो.

सर्वांत प्रसिद्ध जोडी चॉकलेटची, आणि ती प्रसिद्धी सार्थ आहे. कोरड्या लाल वाइनबरोबर काळे चॉकलेट सहसा जमत नाही, कारण दोघांतही तुरटपणा आणि कडवटपणा असतो. ते एकमेकांत मिळून दुप्पट होतात आणि वाइनमधली आम्लता उघडी पडते. बान्युल्समध्ये त्या कडवटपणाला उत्तर द्यायला साखर आहे, कोकोच्या तुरटपणाशी बरोबरी करायला ग्रनाशच्या सालीचा तुरटपणा आहे आणि जिभेवर बसणारा कोको बटरचा थर धुऊन न्यायला 16 टक्क्यांच्या आसपासचा मद्यार्क आहे. हे पडताळून पाहायचे असेल, तर 70 टक्के कोकोचा एक लहान तुकडा न चावता जिभेवर ठेवावा, तो कडेने विरघळू लागला की वाइनचा छोटा घोट घ्यावा आणि तोंडात क्षणभर धरावा. घोट गिळल्यावर कोकोचा कडवटपणा मागे सरतो आणि चेरीचा वास आधीपेक्षा ठळक होऊन वर येतो. पण इथेही मुरवण्याची पद्धत निर्णायक ठरते. रिमाजबरोबर चेरी किंवा रास्पबेरी घातलेला, फार गोड नसलेला चॉकलेटचा पदार्थ घ्यावा. कॉफी, कॅरेमल, अक्रोड किंवा संत्र्याची साखरेत घोळवलेली साल असलेल्या चॉकलेटबरोबर जुनी, हवेत मुरलेली बान्युल्स किंवा मोरी घ्यावी. अदलाबदल केली, तर वाइट लागते असे नाही, परंतु दोघांचे बोलणे जुळत नाही. दुधाच्या चॉकलेटबरोबर मी कोणतीच सुचवणार नाही. त्यात साखर जास्त, कोको कमी, आणि वाइन पातळ वाटू लागते.

यातच गोड पदार्थांचा सर्वसाधारण नियम आला: ताटलीतला पदार्थ पेल्यातल्या वाइनपेक्षा गोड असता कामा नये. क्रेम कातालान हे दूध-अंड्याचे कस्टर्ड, ज्यावर साखर जाळून कडवट कवच केलेले असते, ते आंब्रेबरोबर सुरेख लागते, कारण जळलेल्या साखरेची तीच छटा वाइनमध्येही असते. भाजलेल्या अंजिराचा किंवा अक्रोडाचा तार्त (पिठाच्या खुसखुशीत कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) तुइलेबरोबर घ्यावा. पांढऱ्या साखरेच्या लेपाचा केक, मेरिंग, गोड क्रीमने भरलेले पेस्ट्रीचे प्रकार यांच्यापासून या वाइन दूर ठेवाव्यात.

चॉकलेटपेक्षाही मला अधिक महत्त्वाची वाटते ती चीजची जोडी, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रोकफोर हे मेंढीच्या दुधाचे निळ्या बुरशीचे चीज आव्हेरों विभागातल्या रोकफोर-सुर-सुल्झों गावाच्या गुहांत पिकते. 1925 मध्ये नामांकनाचे कायदेशीर संरक्षण मिळवणारे ते फ्रान्समधले पहिले चीज. ते खारट असते, तिखटपणे जिभेला झोंबते आणि तरीही लोण्यासारखे मऊ असते. पुस्तकी सल्ला सोतेर्नची गोड वाइन घ्या असा देतो. तो चुकीचा नाही. पण दहा-पंधरा वर्षे मुरलेली रिव्हझाल्त आंब्रे मला त्याहून सरस वाटते. मीठ वाइनच्या गोडीला आवर घालते, गोडी बुरशीचा झोंबरेपणा शमवते, आणि आंब्रेमध्ये जो अक्रोड आहे तो निळ्या चीजला मुळातच आवडतो; एरवी आपण तो वाटीत वेगळा ठेवतोच. सोबतीला अक्रोडाचा पाव असावा, मध किंवा जॅम नसावे, कारण गोडीचे काम वाइनने आधीच घेतलेले असते. ओव्हेर्न्यच्या फूर्म दाँबेर या सौम्य निळ्या चीजबरोबर मात्र आंब्रे जड होते. तिथे तरुण मोरी किंवा रिमाज बरी. बास्क प्रदेशात ओसो-इराती या मेंढीच्या घट्ट चीजबरोबर काळ्या चेरीचा जॅम खाण्याची रीत आहे. ती रीत ध्यानात घेतली, तर चेरीच्या वासाची रिमाज तिथे आपोआप बसते, आणि जॅमची गरज उरत नाही.

मुख्य जेवणात या वाइनना स्थान नाही, हा समजही सोडायला हवा. बदकाच्या छातीचे मांस, ज्याला फ्रेंचमध्ये माग्रे म्हणतात, ते चेरी किंवा अंजिराच्या सॉसबरोबर वाढले जाते. असा सॉस गोडाकडे झुकतो आणि कोरडी लाल वाइन त्यापुढे आंबट पडते. त्या सॉसमध्येच थोडी बान्युल्स आटवावी आणि तीच वाइन छोट्या पेल्यात शेजारी ठेवावी. मांसाची चरबी आणि सॉसची गोडी दोन्ही सांभाळली जातात. फ्वा ग्राबरोबर (लठ्ठ केलेल्या बदकाच्या वा हंसाच्या यकृताबरोबर) जेवणाच्या आरंभी गोड वाइन देण्याची प्रथा फ्रान्समध्ये दृढ आहे आणि रिव्हझाल्त आंब्रे किंवा म्युस्का या सुगंधी द्राक्षाची वाइन त्यासाठी वापरतातही. चव जमते, हे मान्य. पण पहिल्याच घासाला इतकी चरबी आणि इतकी साखर घेतल्यावर पुढची कोरडी वाइन कोरडी ठाक लागते, हा माझा आक्षेप आहे. ज्यांना ती प्रथा पाळायची असेल त्यांनी पेला अगदी लहान ठेवावा आणि मध्ये गरम, पातळ सूप वाढावे. कोलिऊर हे खारवलेल्या अँचोव्ही माशांसाठी नावाजलेले गाव आहे. त्या खारट, तेलकट माशांबरोबर तिथे जी जुनी कोरडी रान्सिओ वाइन पितात ती फोर्टिफाइड नसते. तिच्यात स्पिरिट घातलेले नसते. दोन्ही वाइन एकाच गावात आणि एकाच वासाच्या मिळत असल्याने त्यांची गल्लत होते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

म्युस्काचे घराणे वरील सगळ्यांपेक्षा वेगळे. यांत मुरवण्याचा प्रश्न बहुतांशी येतच नाही, कारण द्राक्षाचा ताजा सुगंध हेच यांचे भांडवल असते आणि तो टिकवायचा तर वाइन तरुणपणीच प्यावी लागते. व्होक्ल्यूझमधील दाँतेल द मोंमिराय या कातळकड्यांच्या पायथ्याशी होणारी म्युस्का द बोम-द-व्हनीझ, समुद्रकाठच्या फ्राँतिन्याँची, शेजारच्या मिरव्हाल आणि ल्युनेलची, उंच चुनखडी पठारावरच्या सँ-झाँ-द-मिनेर्व्हुआची आणि कॉर्सिका बेटावरच्या काप कोर्सची, या सर्व बारीक दाण्याच्या म्युस्कापासून बनतात. म्युस्का द रिव्हझाल्तमध्ये त्याच्या जोडीला अलेक्सांद्रीची म्युस्का असते. साखर लिटरमागे सहसा 100 ग्रॅमच्या पुढे असते, म्हणजे बान्युल्सपेक्षा सहसा अधिक. फ्रान्समध्ये थंडगार म्युस्का जेवणाआधी घेण्याची सवय आहे आणि त्याबरोबर काव्हायोंचे खरबूज कापून ठेवतात. खरबूज पूर्ण पिकलेले हवे आणि त्यावर खारवलेल्या हॅमची पातळ चकती टाकली तर अधिकच उत्तम. फळांमध्ये जर्दाळू आणि पीच या वाइनचे सख्खे सोबती: जर्दाळूच्या तार्तबरोबर बोम-द-व्हनीझ घेतल्यास फळाचा वास कुठे संपतो आणि वाइनचा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. लिंबाच्या तार्तची आम्लता तिला उभारी देते. रुसियाँमध्ये साखरेच्या पांढऱ्या लेपाच्या, बडीशेपेच्या जातीचा वास असलेल्या रुस्कीय नावाच्या गोल बिस्किटांबरोबर म्युस्का पितात. लेपाच्या बाबतीतला माझा वरचा नियम इथे मोडतो, पण बिस्कीट आतून कोरडे आणि भुसभुशीत असल्यामुळे ते खपून जाते. नव्या हंगामाची म्युस्का द रिव्हझाल्त ‘म्युस्का द नोएल’ म्हणून नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, तिच्याबरोबर तर ताजे बकरीचे चीजही चालते. चॉकलेटबरोबर म्युस्का कधीही देऊ नये. कोको तिचा सुगंध पुरता गिळतो.

रुसियाँच्या बाहेर, फ्रान्सच्या पश्चिमेला आणि पूर्वेला, आणखी एक वर्ग आहे: ‘व्हँ द लिकर’. यात रस आंबायला लागण्यापूर्वी किंवा जेमतेम लागला असतानाच त्यात त्या प्रदेशाचे स्पिरिट मिसळतात. कोन्याक या ब्रँडीच्या प्रदेशातली पिनो दे शाराँत ही त्यातली सर्वांत परिचित. 1589 मध्ये एका द्राक्षउत्पादकाने रिकामे समजून कोन्याकच्या पिंपात ताजा रस ओतला आणि काही वर्षांनी त्यातून ही वाइन निघाली, अशी दंतकथा तिच्याबद्दल आहे. नामांकन मात्र 1945 चे. स्पिरिट स्वतःच चवदार असल्याने हिच्यात कोन्याकचा वास स्पष्ट येतो. पांढरी पिनो शाराँतच्या खरबुजाबरोबर घेतात, तरुण लाल पिनो लाल फळांबरोबर, आणि दहा वर्षांहून अधिक मुरलेली ‘त्रे व्हियो’ निळ्या चीजबरोबर किंवा नुसती. गास्कोन्यची फ्लॉक हीच गोष्ट आर्मान्याक ही तिथली ब्रँडी घालून करते. पूर्वेकडील झ्युरा पर्वतरांगेत माकव्हँ बनते, तिच्यात दोन भाग रस आणि एक भाग त्या प्रदेशातले मार हे चोथ्यापासूनचे स्पिरिट असते. जुन्या कोंते चीजबरोबर आणि अक्रोडाच्या पदार्थांबरोबर ती घ्यावी.

वाढण्याबाबत काही व्यवहार्य गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण चांगली जोडी तापमानाने बिघडते. म्युस्का आणि पांढरी पिनो 8 ते 10 अंश सेल्सियसवर, आंब्रे 12 ते 14 वर, लाल रिमाज आणि तुइले 14 ते 16 वर. त्याहून गरम वाढल्यास स्पिरिट नाकात जाते आणि गोडी चिकट लागते. अंगठ्याएवढ्या लिकरच्या पेल्यात या वाइन देण्याची पद्धत सोडून द्यावी. वास फिरायला जागा हवी, म्हणून निमुळत्या तोंडाचा मध्यम पेला घ्यावा आणि तो जेमतेम पाव भरावा. मद्यार्क साध्या वाइनपेक्षा जास्त असल्याने पाव पेला पुरे. उघडलेल्या बाटलीचे आयुष्यही मुरवण्यावरच ठरते. हवेशी आयुष्यभर झुंजलेली आंब्रे किंवा जुनी मोरी बूच लावून ठेवल्यास आठवडेच्या आठवडे टिकते. रिमाज आणि म्युस्का मात्र शीतकपाटात ठेवून काही दिवसांतच संपवाव्यात.

एवढ्या तपशिलात जाण्याचे कारण नुसती हौस नाही. ज्या गावांत या वाइन बनतात ती गावे आता कोरड्या वाइनकडे वळली आहेत. बान्युल्सच्याच उतारांवरची कोरडी लाल वाइन 1971 पासून कोलिऊर या नामांकनाखाली विकली जाते, रास्तो गावच्या कोरड्या लाल वाइनला 2010 मध्ये स्वतंत्र नामांकन मिळाले आणि 2011 पासून ‘मोरी सेक’, म्हणजे कोरडी मोरी, आली. उत्पादकांना दोष देता येत नाही, कारण गोड वाइनचा खप दीर्घकाळ घसरत आला आहे, आणि वीस वर्षे मुरवण्याची वाइन म्हणजे वीस वर्षे अडकून पडलेले भांडवल असते. या बांधांवरची वेल सोडून दिली, की शिस्टचे बांध ढासळू लागतात आणि एकदा माती समुद्रात गेली की ती परत आणता येत नाही. मागणी नुसत्या स्तुतीने वाढत नाही. लोकांना ती बाटली कोणत्या दिवशी, कशाबरोबर उघडायची हे कळले, तरच ती घरात येते. ‘डेझर्टबरोबर घ्यावी’ या सल्ल्याने ती वर्षातून एकदा उघडली जाते आणि बहुधा चुकीच्या केकबरोबर.

म्हणून आपल्या पुरवणीत यापुढे या वाइनविषयी लिहून येईल तेव्हा लेखकांना तीन गोष्टी देण्याचा आग्रह धरावा, ही विनंती: वाइन हवेपासून जपून ठेवलेली आहे की हवेत मुरवलेली, मूळ द्राक्ष ग्रनाश आहे, म्युस्का आहे की आणखी काही, आणि सुचवलेला पदार्थ गोड असेल, तर तो त्या वाइनपेक्षा कमी गोड आहे याची खात्री. जागा कमी असेल, तर स्तुतीची विशेषणे गाळावीत, हे तपशील गाळू नयेत. जमल्यास पहिला लेख आंब्रे आणि रोकफोर या जोडीवर घ्यावा. चॉकलेटवर आधीच पुरेसे लिहिले गेले आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक